नऊ दिवसांची इर्जिक

इर्जिकीची हाक घालायचा मान बन्सीच्या घराकडं होता. ज्याचं रान अडलं, त्यानं बन्सीला सांगायचं. बन्सीनं मारुतीच्या पारावर उभं राहून त्याचं नाव घेतलं, की दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला गावातली सगळी औतं त्या रानात हजर. मजुरी नाही, नुसतं दुपारचं पोटभर जेवण. खर्ड्याच्या अलीकडचं ते कोरडवाहू गाव याच जोरावर तगून होतं.

जर्मनची लढाई सुरू झाली त्या वर्षी सहादेव हिवतापानं अंथरुणाला खिळला. ज्वारी पेरायचे दिवस. पाऊस पडून गेलेला, रान वाफशावर, पेरणीजोग्या ओलीवर आलेलं. सहादेवाची बायको चांगुणा बन्सीच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली.

"भावजी, उद्या आमच्या रानाची हाक घाला."

बन्सी सुपारी कातरत होता. त्यानं मान वर केली नाही. "सहादेवानं जामखेडच्या कोर्टात माझ्या बांधाची साक्ष दिली का माझ्या बाजूनं?"

"खोटी साक्ष मागितली हुती तुमी."

"मंग आता त्या खऱ्यालाच बोलव पेरायला."

तेवढ्यावर तो थांबला नाही. जो चांगुणाच्या रानात औत घालील, त्याच्या रानाची हाक पुन्हा निघायची नाही, असा निरोप त्यानं घरोघर धाडला. सहादेव रोज सकाळी दारात घोंगडीवर येऊन बसायचा. "आज येतील," म्हणायचा. असे नऊ दिवस गेले. तोवर रान वाळून दगड झालं. दिवाळीच्या आत सहादेवही गेला. लोक म्हणाले, तापानं गेला. चांगुणानं मात्र ते नऊ दिवस मनात धरून ठेवले.

तेरावं झाल्यावर तिनं पदर खोचला. कुणाच्या रानात औत कमी पडलं, की तिची बैलजोडी सगळ्यांच्या आधी बांधावर. त्या घरी जेवायलाही थांबायची नाही. बनुबाईची सून बाळंतपणात अडली, तेव्हा चांगुणा दोन रात्री तिच्या उशाशी बसली. पटकीची साथ आली आणि गोरक्षनाथाच्या घरात पाच माणसं एकदम पडली. भावकीनं दारं लावून घेतली, पण चांगुणा दोन्ही वेळेला उकळलेलं पाणी घेऊन आत जायची. बायका म्हणायच्या, चांगुणाबाई म्हणजे गावाची आईच. चांगुणा ऐकून घ्यायची. एकेका उंबऱ्यातून बाहेर पडताना मनात म्हणायची, ह्या घराची जोडी बन्सीची राहिली नाही. पाच वर्षांत गावात तिनं एक उंबरा सोडला नाही.

पाचव्या वर्षी ऐन पेरणीत बन्सी गाडीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. एकुलता लेक पलटणीत, घरात दुसरा गडी नाही. चौघांनी बाजेवर घालून त्याला पारावर आणलं आणि त्यानं स्वतःच्याच नावाची हाक घातली.

चांगुणा गर्दीत होती. कुणाला जाऊ नका असं ती म्हणाली नाही. एवढंच बोलली, "माझी जोडी जायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी बन्सीच्या रानात एकही औत आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बन्सीची बायको रतनबाई चांगुणाच्या अंगणात येऊन मटकन बसली.

"बाई, धन्याचं पाप माझ्या पदरात घाला. पन रान पडीक ऱ्हाऊ देऊ नका."

"तुमच्याशी माझं भांडान न्हाई, रतनबाई. त्येंनी काय क्येलं, ते त्येंनी पारावर येऊन सांगावं."

संध्याकाळी बन्सीची बाज पुन्हा पारावर आली. खाली बघत, थांबत थांबत त्यानं सगळं सांगितलं. कोर्टासाठी मागितलेली खोटी साक्ष, घरोघर धाडलेला निरोप, सगळं. ज्यांनी तो निरोप ऐकून बैल दावणीला बांधून ठेवले होते, त्यांच्याही माना खाली गेल्या.

"झालं समाधान?" बन्सी शेवटी म्हणाला. "आता तरी औतं धाड."

"तुमी हाक घातल्याला किती दिस झाले, भावजी?"

"चार."

"माझा धनी नऊ दिस दारात बसला हुता. अजून पाच ऱ्हायले."

गोरक्षनाथ पुढं झाला. "बाई, वाफसा जाईल."

"जाऊ द्या. आमचाबी गेल्ता."

त्या पाच दिवसांत चांगुणाची वाट बदलली. आडाची वाट दुसरीकडून होती, तरी ती घागर घेऊन बन्सीच्या दारावरून जायची. बाजेवर पडून तो वेशीकडं डोळे लावायचा. ती पाऊल हळू टाकायची आणि त्याला डोळाभर बघून घ्यायची. सहादेव गेल्यापासून तिच्या तोंडाला चव नव्हती. त्या दिवसांत ती मिरचीच्या ठेच्याशी दोन-दोन भाकरी खाऊ लागली.

दहाव्या दिवशी पहिली जोडी तिचीच निघाली. मागून चौदा औतं आली. माती कडक झाली होती, पेरायची पाभर उडत होती, बियाणं वरच राहत होतं. जेवायच्या वेळी रतनबाई ताट घेऊन तिच्यापर्यंत आली. तिच्या हातांना फोड आले होते; चार दिवस ती एकटीच कुदळ मारत होती. ते हात चांगुणानं नीट बघून घेतले. पण ताटाला तिनं हात लावला नाही.

त्या साली बन्सीची ज्वारी गुडघ्याएवढीच आली. सुगीनंतर गोरक्षनाथ तिला पारावर म्हणाला, "बाई, तुमच्यापायी अर्धं पीक गेलं त्येचं."

"अर्धंच," चांगुणा म्हणाली. "माझं समदं गेलं हुतं."

पुढच्या वर्षी गावानं हाकेचा मान तिच्या घरी द्यायचं ठरवलं. तिनं नको म्हटलं. ज्याचं रान अडेल, त्यानंच पारावर उभं राहावं, मधी कुणी नको, असं तिनं सांगितलं आणि तीच रीत पडली. बन्सीच्या रानातही औतं गेली, त्यात तिची जोडी होती. बन्सीशी मात्र ती मरेपर्यंत बोलली नाही.