उत्तर चुकलेलं कोडं

थंकमणीने मांडी मोडली, पुन्हा घातली आणि समोर बसलेल्या प्रसीदाकडे न बघण्याचा निश्चय केला. तो फार टिकला नाही. प्रसीदा फणसाच्या सावलीत चटईवर बसून ओमनाच्या नातवाच्या शर्टाचं बटण लावत होती. कुणी सांगितलं होतं का तिला? पण हिला प्रत्येक ठिकाणी हात घालायचाच असतो.

"नाव घ्यायचं नाही," रमादेवी टीचर पुन्हा बजावत होत्या. बायकांच्या बचत गटांना शिकवायला त्या गावोगाव फिरत. "आपल्यातल्या एकीचे गुण सांगायचे, बाकीच्यांनी ओळखायचं. फक्त चांगलं बोलायचं. टोमणे घरी."

बायका हसल्या. हसण्याआड सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती. पंचायतीचं नवं कँटीन गटाला मिळालं होतं आणि या खेळानंतर हात वर करून तिथल्या स्वयंपाकाची प्रमुख निवडायची होती. गेल्या ओणमपर्यंत थंकमणीशिवाय दुसरं नाव कुणाच्या तोंडी आलं नसतं. लग्नाची पंगत असो की बारसं, चूल तिची. देवळाच्या नैवेद्याच्या स्वयंपाकघरात ती वाढली, त्यामुळे शिजवताना चव घेत नसे. नुसत्या वासावर मीठ सांगायची. मग ही प्रसीदा सून होऊन गावात आली, गटात शिरली, आणि जो तो प्रसीदा, प्रसीदा करू लागला.

सगळ्यात मोठा राग अवियलचा होता, कैरी-खोबरं घातलेल्या तिच्या मिश्र भाजीचा. पहिली पंगत उठली की प्रसीदा गुपचूप थंकमणीच्या भांड्यापाशी यायची आणि मूठभर वाटलेलं खोबरं आत ढवळून जायची. थंकमणीने ते अनेकदा डोळ्यांनी पाहिलं होतं. बोलली नव्हती. बोललं तर लोक म्हणतील, म्हातारी जळते. आणि ती जळत होतीच.

"थंकमणी चेची, आता तुम्ही," टीचर म्हणाल्या. गटात सगळ्या तिला चेची, म्हणजे ताई, म्हणत.

तिने ओमनाबद्दल बोलायचं ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. वर्षभर जिच्यावरून नजर हटली नाही, तीच जिभेवर आली.

"ती सगळ्यांच्या आधी येते. आल्या आल्या पाण्याची पिंपं बघते. कुणाचा हात भाजला तर तिला न सांगता कळतं." थंकमणी थांबली. "आणि पंगत उठली की केळीची पानं उचलताना ती प्रत्येक पानाची घडी उघडून बघते. कुठं काय उरलं, कुणी काय टाकलं. पुढच्या पंगतीला मग तसा हात चालवते. कुणाला सांगत मात्र नाही."

मग ओमनाने मांडीवर थाप मारली.

"अगं बाई, ही तर स्वतःचंच सांगतेय!"

"चेचीच की!" दुसरी म्हणाली. "म्हणून तर चेचीचं अवियल दुसऱ्या पंगतीला जास्त छान लागतं. आपण कायम शेवटी जेवतो, आपलं नशीबच."

हशा पिकला. थंकमणीने नाही म्हणण्यासाठी मान हलवली, पण ती विनयानेच हलली असं सगळ्यांना वाटलं.

"हसू नका," टीचर म्हणाल्या. "स्वतःचे गुण असे उघड सांगायला धीर लागतो. आज आपण हेच शिकायला जमलोय. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. प्रसीदाने दाताने दोरा तोडला आणि थंकमणीकडे पाहिलं. सरळ पाहिलं. मग तिनेही टाळ्या वाजवल्या. लगेच हात वर झाले तेव्हा प्रसीदाचाही हात थंकमणीसाठी वर होता.

तो हात थंकमणीला बोचला. तरी आनंद झाला नाही असं नाही. खूप झाला. तिने पदर खोचला आणि म्हणाली, "बसा सगळ्या. आज मी वाढते."

सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणला होता. अवियल अर्थातच तिचं. पानं पडली, भात पडला, गप्पा रंगल्या. जेवून बायकांनी आपापली पानं स्वतःकडे दुमडली. जेवण आवडलं की इकडे सगळे पान असंच दुमडतात. मग त्या हात धुवायला विहिरीकडे गेल्या.

पानं उचलायला प्रसीदा उठत होती.

"राहू दे. मी उचलते," थंकमणी म्हणाली. एवढी वर्षं चूल सोडून ती पानांपाशी कधी गेली नव्हती. पण आता लोक तिला पानं बघणारी समजत होते.

तिने ओमनाच्या पानाची घडी उघडली. सांबार, तोरणाची परतलेली भाजी, सगळं पुसून खाल्लेलं. कोपऱ्यात अवियल, वाढलं तसं. तिने पुढचं पान उघडलं. मग त्यापुढचं. टीचरांच्या पानावर अवियल नीट भाताखाली लपवलेलं होतं.

ती उठून भांड्यापाशी गेली आणि बोटभर अवियल जिभेवर ठेवलं. कैरी इतकी होती की डोळे मिटले गेले.

आज दुसरी पंगत नव्हती.

मागे प्रसीदा उभी होती. तिने हात पुढे केला. "चेची, द्या इकडे ती पानं."

"कधीपासून?" थंकमणीने विचारलं.

प्रसीदा पायाने माती उकरत राहिली. "कैरी कधी कधी जास्त आंबट निघते."

"कधी कधी?"

"मी आले तेव्हापासून," प्रसीदा हळूच म्हणाली. "सगळ्यांना तुमचा फार मान आहे, चेची."

थंकमणीला तिचा राग आला, पूर्वीपेक्षाही जास्त. ही पोर असं बोलू शकते आणि आपल्याला जमलं नसतं, याचा. विहिरीपाशी बायका अजून खिदळत होत्या. कुणीतरी टीचरांना कँटीनच्या चुली कशा असाव्यात ते सांगत होतं.

तिने पानं प्रसीदाला दिली नाहीत. ती तशीच छातीशी धरून अंगणाच्या मध्यावर गेली. अवियल ओघळून तिने नेसलेल्या पांढऱ्या मुंडूवर पडलं.

"टीचर," ती ओरडली, "मघाच्या माझ्या कोड्याचं उत्तर चुकलंय. ते हात पुन्हा वर करायला लावा."