हसू नका, मावशी

"मावशी, हसू नका."

शांतलिंगनं पुन्हा सांगितलं आणि बनाबाई पुन्हा हसली. तिला फोटो काढताना हसायची सवय होती आणि शांतलिंगला 'हसा' म्हणायची. तो लग्नाचे फोटो काढणारा माणूस. धाराशिवपासून तेरपर्यंतच्या कितीतरी नवरदेवांना त्यानं दमदाटी करून हसवलं होतं. आज उलटंच काम गळ्यात पडल्यामुळं तोही अवघडून गेला होता.

अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बनाबाई ताठ बसली होती. अंगावर पांढरीशुभ्र साडी. ही साडी चौदा एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला विहारात जाताना ट्रंकेतून निघायची, एरवी नाही. पण लेकीच्या पुस्तकावर आपला फोटो येणार म्हटल्यावर ती काढणं भागच होतं. चष्मा पुसलेला, केसांना तेल, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ. घड्याळ बंद होतं, पण फोटोत ते कुणाला कळणार होतं?

दारात तिची लेक संघप्रिया उभी होती, एसटीच्या कंडक्टरच्या खाकी गणवेशात. दुपारी ड्यूटीवर जायचं होतं. तिच्या हातातल्या फोनवर पुण्याहून प्रकाशकांचा निरोप आला होता. आई चुलीजवळ हवी. जुनी साडी. चेहऱ्यावर वेदना. फोटो आज मिळाला नाही तर पुस्तक या खेपेला निघणार नाही.

निरोप तिनं शांतलिंगला दाखवला होता, आईला वाचून दाखवला नव्हता. तिची जीभच रेटली नव्हती.

खरं तर पुस्तक हसण्याचंच होतं. नाव 'पुढं सरका'. गाडीत जे दिसलं, ऐकलं, ते तिनं लिहिलं होतं. बोकडाचं अर्धं तिकीट मागणारा म्हातारा, खिडकीसाठी भांडता भांडता सोयरीक जुळवून उतरलेल्या दोन विहिणी, आणि लेकीच्याच गाडीत बसून 'मला फुकट नगं' म्हणत तिकिटासाठी हुज्जत घालणारी बनाबाई. लिहिताना ती एकटीच खदखदून हसायची. प्रकाशकांनाही पुस्तक आवडलं. फोनवर तसं म्हणाले तेव्हा ती डेपोतच मटकन खाली बसली होती.

मग एकेक गोष्ट कळत गेली. पुस्तक लिहिणं वेगळं आणि बाजारात आणणं वेगळं. आधी नाव बदललं. 'पुढं सरका' जाऊन 'जळत्या पायवाटा' आलं.

"पण सर, ह्यात कुठं काय जळतंय?" तिनं विचारलं होतं.

"ते तुमच्या लिहिण्यात आतून आहे," सर म्हणाले.

तिनं पुस्तक पुन्हा वाचलं. तिला काही सापडलं नाही. मग बोकड गेला, पाठोपाठ विहिणी गेल्या. मागच्या पानावर 'पिढ्यान्‌पिढ्यांच्या वेदनेचा हुंकार' असं छापायचं ठरलं. "तुमचं पहिलं पुस्तक आहे, बाजार समजून घ्या. तुमच्याकडून वाचकाला हेच हवं असतं," सर म्हणाले. तुमच्याकडून म्हणजे कुणाकडून, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. दर वेळी ती 'बरं सर' म्हणाली. दिवसभर लोकांना पुढं सरका म्हणणारी बाई, स्वतःच सरकत सरकत पार दाराशी आली होती.

"ताई, चूल कुठंय?" शांतलिंगनं हळूच विचारलं.

"मागं हाय. पाणी तापवायची."

"आन् मावशीचं जुनं लुगडं?"

"हाय की जुनं," बनाबाईनंच उत्तर दिलं. "का वो?"

शांतलिंगनं संघप्रियाकडं पाहिलं. आता टाळता येणार नव्हतं.

"माय, ऐक की. ही साडी सोड. जुनं नेसून जरा चुलीपाशी बस. एकच फोटो."

"का?"

"पुस्तकवाले म्हणतेत."

"तुझ्या पुस्तकात चूल हाय?"

"न्हाय."

"मग?"

"लोकास्नी बघून वाटलं पायजे, माय."

"काय वाटलं पायजे?"

संघप्रिया हातातला फोन बंद-चालू करत राहिली.

बनाबाईला उमगायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, "म्हंजी हे बी प्रूफच की."

त्या शब्दावरून घरात एकदा मोठा हशा पिकला होता. छपाईआधीची पानं आली तेव्हा संघप्रियानं ओरडून सांगितलं होतं, 'माय, प्रूफ आलं, तपासून द्यायचंय!' आणि बनाबाईनं ट्रंकेतून आधारकार्ड, रेशनकार्ड, जातीचा दाखला असं सगळं बाहेर काढून मांडलं होतं. जन्मभर प्रूफ म्हटलं की हेच द्यावं लागलेलं. पुस्तकालाही लागत असेल, असं तिला वाटलं.

आता कुणी हसलं नाही.

"गरिबीचं प्रूफ," बनाबाई म्हणाली. "पिवळं कार्ड व्हतं की आपलं. तुझा बाप शाळंत शिपाई लागला, आन् पगार सुरू झाल्यावर सोता तहसिलात जाऊन ते परत दिऊन आला. लोक येडा म्हनले त्येला. त्यो म्हनला, ज्येला लागतंय त्येला मिळू द्या. आन् तू मला पुन्यांदा त्येच्यात बसीवतीस व्हय?"

"मग पुस्तक निघायचं न्हाय!" संघप्रियाचा आवाज फाटला. "डेपोत समद्यांना सांगितलंय म्या. विहारात कार्यक्रम धरलाय. आता काय सांगू? हसणारी माय चालत न्हाय म्हून सांगू?"

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच शिसारी आली. पण शब्द परत घेता आले नाहीत, आणि खरं सांगायचं तर घ्यायचेही नव्हते. पुस्तक तिला हवंच होतं.

बनाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली.

शांतलिंग मागं जाऊन चुलीवर उजेड कसा पडतो ते बघून आला. आत काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. संघप्रियाला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

बनाबाई बाहेर आली. अंगावर तीच पांढरी साडी होती. हातात जुनं, जागोजागी विरलेलं लुगडं होतं. घरात ते फरशी पुसायला वापरायचे. तिनं वाकून खुर्ची पुसली. बसायची जागा, पाठ, मग चारी पाय. लुगडं झटकून दोरीवर टाकलं आणि खुर्चीत बसली.

"काढा," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याचा. संघप्रियानं तो वाजू दिला. मग घेतला.

"सर, माय चुलीपाशी बसणार न्हाय. आन् सर, पुस्तकाचं नाव 'पुढं सरका'च पायजे. बोकडबी पायजे."

पलीकडून सर फार सभ्यपणे, फार थोडं बोलले. ती 'बरं सर' म्हणाली नाही. फोन खिशात टाकला.

"काय म्हनले?" बनाबाईनं विचारलं.

"पुढं कधी बघू म्हणले."

बनाबाईला त्याचा अर्थ कळला. कचेऱ्यांच्या दारात तिनं हे पुष्कळदा ऐकलं होतं. ती खुर्चीत जरा बाजूला सरकली, जणू त्या एवढ्याशा खुर्चीत दोघी मावणार होत्या.

"ये, हितं हुबी ऱ्हा. बिल्ला नीट कर."

संघप्रिया आईच्या खांद्याला लागून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते. शांतलिंगनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "हसा."

बनाबाई लगेच हसली. संघप्रियाला वेळ लागला. शांतलिंग थांबला.