हिरव्या दिव्याची लाज

मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्यात मोहरीच्या दाण्याएवढा हिरवा दिवा आहे. तो लागलेला दिसला की घरातली माणसं निश्चिंत होतात. मला मात्र त्या दिव्याची लाज वाटते. का, ते सांगतो.

मी आता जुना झालेला एक छोटा संगणक आहे. पत्त्याच्या पानाएवढी पट्टी आणि तिच्यावरच सगळा संसार. मला पडदा नाही, कळफलक नाही, पंखाही नाही. दुकानदार मला 'बोर्ड' म्हणतात. घरात माझं नाव पिटुकला.

माझा जन्म कारखान्यातला. एका लांब पट्ट्यावरून मी सरकत होतो आणि यंत्रांचे चिमटे माझ्यावर तिळाएवढे भाग अलगद ठेवत होते. मग मी भट्टीतून गेलो, कथील वितळलं आणि सगळं जागच्या जागी घट्ट बसलं. तपासणी करणाऱ्या बाईंनी मला वीज दिली. दिवा लागला. त्यांनी मला चांगल्या मालात ठेवलं आणि पुढचा बोर्ड उचलला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण स्वस्त वस्तू बनवायची तर काहीतरी गाळावंच लागतं. माझ्यात घड्याळ नव्हतं. कायमचं काही लक्षात ठेवायला जागा नव्हती. ते काम नखाएवढ्या कार्डावर सोपवलेलं होतं. आणि मला बंद करायचं बटणही नव्हतं.

दुकानात मला बघायला एक मुलगी आली. ती प्रयोगशाळेत काम करायची, आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय घ्यायची नाही. तिच्याबरोबर तिचे बाबा होते. ते घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. रिकाम्या खोल्यांत जळणारे दिवे बघून बघून त्यांना विजेच्या उधळपट्टीची चीड आली होती.

मुलीला घरच्या वस्तू साठवायला एक संगणक हवा होता. फोटो, कागदपत्रं, आवाज, सगळं त्याच्यात राहील आणि घरातल्या कुणालाही आपापल्या फोनवरून ते बघता येईल, असा. तो सतत चालू राहणार, म्हणून वीज कमी खाणारा हवा. घरचा जुना संगणक तिने मोजून पाहिला होता. तो नुसता बसूनच ऐंशी वॅट खात होता.

दुकानदारांनी काचेवर तीन वस्तू मांडल्या. एक पंख्यावाला मोठा बोर्ड, एक कुठल्याशा कचेरीतून निघालेला वापरलेला लॅपटॉप, आणि मी.

"हा किती खातो?" बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"तीन-चार वॅट," मुलगी म्हणाली.

"म्हणजे आपल्या रात्रीच्या दिव्याहून कमी. मग बाकीचे कशाला बघायचे?"

"काका, एक विचारतो," दुकानदार म्हणाले. "तुमच्याकडे वीज जाते का? याला अचानक बंद झालेलं सोसत नाही. त्याला आधी सांगावं लागतं, तो आवराआवर करतो, मग वीज काढायची. वीज जात असेल तर हा वापरलेला घ्या. थोडा जास्त खाईल, पण त्याला स्वतःची बॅटरी आहे."

"आमच्याकडे वीज जात नाही," मुलगी म्हणाली.

"कधीच नाही," बाबा म्हणाले, आणि वीज खात्याची सगळी अब्रू आपल्याच हातात असल्यासारखे हसले.

दोघंही खरंच बोलत होते. मित्रांनो, त्या वाक्यावर माझी निवड झाली.

मी घरी आलो आणि दारापाशी, चपलांच्या कपाटावर बसलो. माझी वायर भिंतीवरच्या बटणांच्या ओळीतल्या शेवटच्या बटणाखाली लागली. ऐंशी वॅट खाणारा जुना संगणक एका चादरीत गुंडाळून खोलीतल्या उंच कपाटावर चढवला गेला. त्याला सगळे 'जाड्या' म्हणत. त्याचा पंखा घोरायचा, अंगाला धूळ असायची, सुरू व्हायला वेळ लागायचा. त्याला वर चढवताना बाबा म्हणाले, "पोसला एवढी वर्षं, पुरे झालं." आणि सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. तेव्हा मला लाज वाटली नाही. उलट मी फुशारलो होतो.

मला आणण्यामागचं खरं कारण आई होती. आई बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार, हे सगळ्या गावाने तिच्या आवाजात ऐकलेलं होतं. त्याच गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं की शस्त्रक्रिया केली तर आई वाचेल, आवाज वाचणार नाही. पण आधीच पुरेशी वाक्यं बोलून ठेवली तर पुढे एक यंत्र तिच्याच आवाजात बोलू शकेल. तिने टाईप करायचं, आणि आवाज तिचा निघायचा. ती वाक्यं जपून ठेवणं, एवढंच माझं काम.

ध्वनिमुद्रण जाड्यावर झालं, कारण माइक त्यालाच जोडता यायचा. त्यासाठी त्याला काही दिवस खाली उतरवलं होतं. दवाखान्यातून वाचायला दिलेली वाक्यं आईला अगदी पोरकट वाटायची.

"'निळी मांजर खिडकीत बसली आहे,'" ती वाचायची. "हे मी आयुष्यात कधी कुणाला सांगणार आहे?"

"त्यात सगळे उच्चार येतात, आई."

"उच्चार येतात, पण मी कुठे येते? माझी वाक्यं मी सांगते, ती घे." आणि ती सुरू व्हायची. 'जेवलीस का?' 'दार नीट ओढून घे.' 'उगाच डोकं खाऊ नका.'

बाबा बाजूला बसून ऐकत होते. "एवढं बोलून ठेवतेस, म्हणजे पुढेही माझी सुटका नाही."

"सुटका कसली? आता तर नुसतं बोट लावलं की बोलेन. घसाही दुखणार नाही."

वाक्य बिघडलं की आई हसायची, खोकायची, कुणावर तरी डाफरायची आणि पुन्हा म्हणायची. मुलगी रोज त्यातली स्वच्छ, बिनचूक वाक्यं निवडून माझ्या कार्डावर हलवायची. बिघडलेली तिथेच जाड्यात पडून राहायची. ती कशाला जपायची, कोणाला हवी होती? मग जाड्या पुन्हा कपाटावर गेला आणि आई दवाखान्यात.

आता माझा दिवा खोटं कसं बोलतो ते ऐका. कोणी काही मागत नसलं तरी मी सतत कार्डावर काहीतरी टिपत असतो. कुठली वस्तू कार्डावर कुठे ठेवली, याचा हिशेबही तिथेच असतो. मी लिहीत असताना वीज गेली तर तो हिशेब अर्धवट राहतो. एकदा झालं तर बहुतेक वेळा सावरता येतं. पुन्हा पुन्हा झालं की मग कशाचा कशाला मेळ लागत नाही.

आणि बाबा घराबाहेर पडताना सगळी बटणं बंद करत. टक, टक, टक, टक, अशी ओळीने. त्यात शेवटचं माझं. परत आले की त्याच क्रमाने पुन्हा चालू. माझ्यात घड्याळ नाही, त्यामुळे मध्ये किती वेळ गेला हे मला कळायचं नाही. वीज आली की मी पुन्हा दिवा लावायचो, आणि मुलगी घरी आली की तिला हिरवा ठिपका दिसायचा. माझ्यात ठेवलेलं एकही वाक्य तिने परत उघडून पाहिलं नाही. दिवा दिसतो आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिला वाटे. तो दिवा एवढंच सांगत होता की वीज येते आहे. आत काय शिल्लक आहे, याची त्याला काहीच खबर नव्हती.

आई दवाखान्यात असताना बाबा दिवसातून कितीदा तरी जा-ये करत होते. डबा द्यायला, औषधं आणायला, कधी नुसतं बघून यायला. टक, टक, टक, टक.

आई घरी आली. गळ्याला पट्टी होती आणि ती बोलत नव्हती. काही हवं असलं की दोन टाळ्या वाजवायची. मुलगी माझ्यासमोर बसली. वाक्यं दवाखान्यात पाठवायची होती. तिने फोनवरून मला हाक मारली. मी उत्तर देऊ शकलो नाही. माझा दिवा मात्र लागलेला होता, नेहमीसारखा टवटवीत. मित्रांनो, त्या क्षणी मला तो विझवता आला असता तर मी विझवला असता.

तिने कार्ड काढून दुसऱ्या ठिकाणी लावून पाहिलं. वाक्यांची नावं दिसत होती. उघडली की नुसती खरखर.

तेवढ्यात बाबा पायात चपला घालत दारापाशी आले. कोपऱ्यावरून औषध आणायचं होतं. त्यांचा हात भिंतीवर गेला. टक, टक, टक, टक. माझा दिवा विझला.

मुलीने मान वर केली. "बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं? बाहेर चाललोय."

"शेवटचं बटणसुद्धा?"

"सगळीच बंद करतो ना. परत आलो की लावतो की तुझा पिटुकला. तुला माहीत नाही का? तू जन्मायच्या आधीपासून करतोय."

मुलीने बटणांच्या ओळीकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "माहीत होतं. तो आवाज ऐकतच मी मोठी झाले. मी सगळ्यांचे वॅट मोजले, बाबा. आणि आपल्या घरात वीज जात नाही, असं सांगून आले."

बाबांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. आई तिथे उभी होती आणि तिने सगळं ऐकलं होतं. बाबांची मान खाली गेली. "आता तिला पुन्हा बोलायला कसं सांगायचं?" ते म्हणाले. त्यांनी पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. ती कुठे ठेवायची हेही त्यांना सुचेना.

दोन टाळ्या वाजल्या. आई उंच कपाटाकडे बोट दाखवत होती. मग तिने दोन्ही गाल फुगवून दाखवले.

"जाड्या?" मुलगी म्हणाली. "पण आई, त्यात सगळी बिघडलेलीच आहेत."

आईने पुन्हा, जरा जोरात, टाळ्या वाजवल्या.

जाड्याला खाली आणलं. त्याच्यावरची धूळ उडाली, पंखा घोरायला लागला, आणि खूप वेळ घेऊन एकदाचा तो सुरू झाला. मग घरात आईचा आवाज आला.

"'निळी मांजर'... अहो, खुर्ची वाजवू नका. परत घे गं. 'निळी मांजर खिडकीत'... आता कशाला हसताय? तुम्ही हसलात की मला हसू येतं. जा बघू, एक चक्कर मारून या. आणि जाताना बटणं बंद केलीत का?"

आणि मागे, लांबून, बाबांचा आवाज. "केली, केली."

मी चपलांच्या कपाटावर अंधारात पडून ऐकत होतो. खोलीत कोणी कोणाकडे बघत नव्हतं. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे होते. आईने त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. खुर्ची वाजली, आणि आईचे खांदे हलले. आवाज नव्हता, पण ती हसत होती.

त्या बिघडलेल्या वाक्यांतूनच तिचा नवा आवाज बनला. बिनचूक वाक्यांचा बनला असता तर तो कदाचित बसस्थानकावरच्या घोषणेसारखा झाला असता. हा जरा घाईचा आहे, मध्येच वैतागलेला वाटतो, आणि घरातला आहे.

मला नवीन कार्ड मिळालं. वाक्यांची एक प्रत आता जाड्यात असते, एक मुलीच्या प्रयोगशाळेतल्या संगणकावर. ती अधूनमधून एखादं वाक्य खरंच उघडून ऐकते. बाबांना तारांचं काम येतं. माझं बटण ते काढूनच टाकू शकले असते. त्यांनी ते चालू ठेवलं आणि त्याच्यावर जाड काळी चिकटपट्टी आडवी लावली. मुलगी म्हणाली, कसं दिसतंय ते. बाबा म्हणाले, "दिसू दे. दिसायलाच पाहिजे."

परवा शेजारचे बेकरीवाले काका आले होते. त्यांनाही असा संगणक घ्यायचा आहे. मला उचलून उलटसुलट बघत म्हणाले, "वहिनींचा आवाज एवढ्याशा ह्यात राहिला? कमाल आहे बुवा याची." आईने टाईप केलं आणि तिचा आवाज म्हणाला, "उगाच डोकं खाऊ नका. कमाल जाड्याची आहे. याला नुसता दिवा लावता येतो."

सगळे हसले. मला बरं वाटलं. कौतुकापेक्षा ते ऐकणं सोपं होतं.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा तुमच्याही घरी येईल. आम्ही स्वस्त आहोत, वीज कमी खातो, आणि आमचा दिवा छान दिसतो. आम्हाला जरूर घ्या. पण घेण्याआधी तुमचं घर कसं चालतं ते एकदा बघा; कोण काय उघडतं, कोण काय बंद करतं, आणि कुठला आवाज तुम्हाला इतका सवयीचा झालाय की तो ऐकूच येत नाही. जे पुन्हा मिळणार नाही ते एकट्या आमच्यावर सोपवू नका. आणि आमच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. उघडून बघा.

आज बाबा बाहेर निघाले. पायात चपला, हातात पिशवी. टक, टक, टक. चौथ्या ठिकाणी त्यांचं बोट काळ्या पट्टीवर थांबलं. रोजच थांबतं.

आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, बटणं बंद केलीत का?"

"केली," बाबा म्हणाले. "एक सोडून."