पाच पदकांची पितळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पट्टी आहे. वितीपेक्षा थोडी आखूड, बोटाएवढी रुंद आणि पाठीला एक मोठी पिन. सैनिकांच्या छातीवर रांगेत लावलेली पदके तुम्ही पाहिली असतील. त्या पदकांचे सगळ्यांना कौतुक असते, पण ती ज्या पट्टीवर टांगलेली असतात तिची कोणी विचारपूस करत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. खुंटीला कोणी हार घालत नाही, हे मला ठाऊक आहे. पण आज मी बोलणार आहे. माझ्यावर पाच पदकांची जागा आहे आणि पदके तीनच आहेत. उरलेल्या दोन रिकाम्या जागांनी एका सरळ माणसाच्या जिवाला घोर लावला आहे.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका छावणीत, एका म्हाताऱ्या शिंप्याच्या दुकानात झाला. माझ्या मालकाचे नाव लहानू रामटेके. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. फौजेत टेलिफोनच्या तारा टाकायचे आणि तुटल्या तर जोडायचे काम करायचा. नुकताच बर्फाच्या पहाडावरून उतरला होता. नाक आणि गाल उन्हाने काळे पडलेले, डोळे लाल. शिंप्याने विचारले, "कितने की बनाऊँ, जवान?" लहानू म्हणाला, "पाँच की बनाओ, मास्टरजी. तीन हैं, दो आ रहे हैं." शिंप्याने पितळेच्या पत्र्यावर खूण केली आणि मला पाचांच्या मापाची कापली. ते "आ रहे हैं" मी तेव्हापासून ऐकते आहे.

ती दोन पदके का आली नाहीत, ते सांगते. वर हिमनदीवरच्या एका तुकडीत तारा जोडणारा माणूस कमी पडला होता. म्हणून लहानूला त्याच्या तुकडीतून काढून सहा महिन्यांसाठी तिकडे पाठवले. फौजेत कोण कुठे गेला, किती दिवस राहिला, याचा कागद निघावा लागतो. कागद निघाला तर नोंद होते आणि नोंद झाली तर पदक येते. लहानूच्या जुन्या तुकडीला वाटले, कागद नवे लोक काढतील. नव्यांना वाटले, जुने काढतील. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसे झाले. लहानू एकशे चौऱ्याऐंशी दिवस वर राहिला आणि त्याचा एकही दिवस कुठे लिहिला गेला नाही.

त्या दिवसांतली आणखी एक गोष्ट तो बायकोशिवाय कोणाला सांगत नसे. एकदा वादळात तार तुटली. हातमोजे घालून तारेला पीळ देता येत नाही, म्हणून त्याने उजवा हात उघडा केला. तार जोडली गेली, पण त्याच्या अंगठ्याजवळची दोन बोटे आधी पांढरी पडली, मग त्यांची कातडी काळी होऊन सोलली. हे सांगितले असते तर त्याला खाली पाठवले असते आणि दुसरा लाइनमन एकटा पडला असता. म्हणून तो गप्प राहिला. बोटे वाचली, पण त्यांची जाणीव काही परत आली नाही.

नोकरी संपवून लहानू रायपूरला आला. गुढियारीत रेल्वेच्या अंगाला असलेल्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, त्याचे दोन खोल्यांचे घर होते. जवळच्या उरला या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलच्या फाटकावर त्याने वीस वर्षे पहारा दिला. ट्रकची धूळ, लोखंडाची भुकटी, तीन पाळ्या. मी मात्र बिस्किटाच्या डब्यात होते, सोबतीला शर्टाची बटणे आणि दोऱ्याची रिळे. वर्षातून दोनदा डबा उघडायचा, सव्वीस जानेवारीला आणि चौदा एप्रिलला. लहानूची बायको कलावती मला चिंचेने घासायची. मला तिचे हात फार आवडायचे. पदकांमागची जागा आणि रिकामी जागा, दोन्ही ती सारखीच चमकवायची. मग मला नवऱ्याच्या कोटावर ती स्वतः लावायची, कारण त्याच्या दोन बोटांना पिन लागत नसे. त्या दिवशी पाऱ्यातले लोक त्याला "जयभीम, फौजी काका" म्हणत आणि माझी छाती, म्हणजे त्याचीच, फुगायची.

अर्ज तो दरवर्षी करायचा. उत्तर दरवर्षी तेच यायचे, की आपल्या सेवेच्या कागदांत अशी नोंद आढळत नाही. सोबतचा लाइनमन केव्हाच वारला होता, त्यामुळे साक्ष द्यायलाही कोणी नव्हते. पदक मिळाल्याने त्याची पेन्शन वाढणार नव्हती. सेवापुस्तकात पदकांच्या रकान्यात तीन ओळी होत्या आणि खाली कोरा कागद. त्या कोऱ्या कागदावर तो बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "मी होतो ना वं तिथं, कलावती. मंग कागद काहून नाही म्हणते?" 

त्यांचा मुलगा यशदीप हे सगळे पाहत मोठा झाला. रेल्वेच्या मालधक्क्यावर तो नोकरीला आहे. मनाचा फार चांगला पोट्टा, पण घाईचा. एका दसऱ्याला तो दीक्षाभूमीला गेला होता. येताना कामठीच्या बाजारात त्याला फौजी सामानाचे दुकान दिसले. टोप्या, पट्टे, बूट आणि काचेखाली पदके. बाबांची न आलेली दोन्ही पदके तिथे होती. त्याने ती घेतली आणि चौदा एप्रिलपर्यंत लपवून ठेवली. त्या सकाळी बाबा आंघोळीला गेले तेव्हा त्याने त्यांच्या फिती माझ्या रिकाम्या जागांवर गुंडाळून शिवल्या.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला त्या सकाळी फार बरे वाटले. पस्तीस वर्षांनी मी पहिल्यांदा भरले होते. ही पदके कुठली, हे मी विचारलेच नाही.

मुलाच्या खुणेवरून काहीच न विचारता कलावतीने मला कोटावर लावले तेव्हा लहानू म्हणाला, "आज जड लागून राहिलं." मग त्याने आरशात पाहिले. त्याचा चेहरा आधी उजळला आणि मग विझला. यशदीप दारात हसत उभा होता. "बाबा, सरप्राइज! अब पूरे पाँच हैं." बाहेर जयंतीच्या रॅलीचे ढोल वाजत होते आणि लोक हाका मारत होते. लहानूने कोटाला हात लावला. मला वाटले, आता काढणार. पण मुलाकडे पाहून त्याने हात खाली घेतला. तो तसाच चालला, सगळ्यांच्या पुढे. यशदीपने भरपूर फोटो काढले.

घरी आल्यावर त्याने ती दोन पदके कापून काढली आणि त्यांच्या कडा न्याहाळल्या. खऱ्या पदकाच्या कडेवर सैनिकाचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. या दोन्हींच्या कडा कोऱ्या होत्या. तो मुलाला एवढेच म्हणाला, "हे माहे नाही, बाबू."

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण यशदीपने बाबांचा नवा अर्ज कॉम्प्युटरवर भरला होता. त्यात एक फोटो जोडायचा होता. बाबांचा सगळ्यात रुबाबदार फोटो कोणता? त्याने रॅलीतलाच जोडला. करायला गेला एक आणि झाले भलतेच. दोन महिन्यांनी पत्र आले. अर्जदार जी पदके मागत आहेत, ती फोटोत त्यांच्या छातीवर दिसतात. ती कोणी, केव्हा आणि कोणत्या आदेशाने दिली, याचा खुलासा करावा.

पत्र वाचून यशदीप रडकुंडीला आला. लहानूने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले. आयुष्यात कधी चहाची उधारी न बुडवलेल्या माणसाला कोणीतरी चोर म्हटले होते, आणि तेही सभ्य भाषेत.

पाऱ्यात निरंजन नावाचे एक निवृत्त फौजी कारकून राहतात. लोकांचे कागद लिहून देतात. माणूस वाईट नाही. त्यांनी पत्र वाचले आणि हसून म्हणाले, "अरे लहानू, हे तर सोपं झालं! लिहून दे, वरच्या तुकडीनंच पदकं देल्ली होती, कागद मात्र हरवला. ठाण्यात एक रिपोर्ट टाकू, एक शपथपत्र करू. तू तिथं होताच ना? मंग यात खोटं काय आहे?"

"हव बाबा," यशदीप म्हणाला, "इसमें क्या है? आप तो सच में वहाँ थे."

लहानूने बराच वेळ पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मोह त्याला झाला होता. निरंजनना दाखवायला मला डब्यातून काढले होते, म्हणून मी पाहिले. एका सहीने माझी दोन्ही ठिकाणे भरणार होती आणि तीही खऱ्या पदकांनी. मला वाटत होते, कर सही. मग तो म्हणाला, "निरंजनभाऊ, मी तिथं होतो हे खरं आहे. खऱ्याले खोट्याचा टेकू काहून देऊ? उद्या माहं खरंही खोटं ठरन."

त्याने स्वतःच्या हाताने, हिंदीत, खुलासा लिहिला. फोटोतली दोन पदके माझ्या मुलाने बाजारातून आणली. मी ती एक दिवस घातली, ही माझी चूक आहे. मला ती कोणीही दिलेली नाहीत. मी तिथे एकशे चौऱ्याऐंशी दिवस होतो. मुलाचा दोष नाही. अक्षरे वाकडी झाली, कारण पेन त्याच्या त्या दोन बोटांत टिकत नाही.

उत्तर मे महिन्यात आले, पुढच्या वर्षीच्या. खुलासा नोंदवला आहे. मात्र सेवेच्या कागदांत नोंद नसल्याने अर्ज बंद करण्यात येत आहे. नवा पुरावा असल्यास सादर करावा.

त्या दुपारी लहानूने मला डब्यातून काढले. तीन पदके बाजूला ठेवली. लोखंड कापायचे ब्लेड घेतले आणि माझ्या तिसऱ्या आणि चौथ्या जागेच्या मधोमध ठेवले. "तीनची तर तीनची," तो स्वतःशीच म्हणाला. ब्लेड फिरू लागले. पितळेला दुखते की नाही हे तुम्हाला सांगून पटणार नाही, पण मला दुखले. त्याहून जास्त वाईट याचे वाटले, की मला पाचांची म्हणून ज्याने बनवून घेतले, तोच मला कापत होता.

तेवढ्यात कलावती आतून आली आणि ओरडली. माझ्यावर रक्त होते. मुठीत धरलेले ब्लेड लहानूच्याच बोटात शिरले होते आणि तो कापतच होता. त्याला कळलेच नव्हते.

तिने ब्लेड हिसकावले, पदराने बोट दाबले आणि इतक्या वर्षांचे एकदम बोलली. "काय करून राहिले जी तुमी? बोट कापलं, तरी समजलं नाही! चहाचा कप पोळते, समजत नाही. पिन टोचते, समजत नाही. तीस-पस्तीस वर्षं मी तुमच्या बटना लावून राहिली. अर्जात हे कधी लिहिलं का? कोणाले दाखवलं का?"

"ते लपवलं होतं मी तवा," लहानू खाली मान घालून म्हणाला. "आता कोन्त्या तोंडानं सांगू?"

"ह्याच तोंडानं सांगा! रायपूरच्या उन्हात कोणाचं बोट थंडीनं मरते जी?"

  आरडाओरडा ऐकून यशदीप धावत आला, बाबांचा हात हातात घेतला आणि ती दोन बोटे जन्मात पहिल्यांदा पाहावीत तशी पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी तिघेही सरकारी दवाखान्यात गेले. बोटाला टाके पडले. डॉक्टरीणबाईंनी सुई टोचून पाहिली, जुन्या डागांवर उजेड पाडला, तपासण्या केल्या आणि लिहून दिले, की या बोटांच्या नसा फार पूर्वी कडक थंडीने मेलेल्या आहेत. एवढाच कागद. कोणत्या पहाडावर, कोणत्या साली, ते त्यांना कसे लिहिता येणार? पुरेल की नाही, मला माहीत नाही. निरंजन म्हणतात, पुरणार नाही. लहानू म्हणतो, पाठवू तर.

या वेळी फोटो काढताना कलावतीने मला घासले. कापलेल्या खाचेत चिंचेचा कोळ भरून तीही घासली. मग मला कोटावर लावले, तीन पदके आणि पुढची जागा मोकळी. लहानूने उजवा हात छातीजवळ धरला, बोटे समोर करून. यशदीपने एकच फोटो काढला. तो फोटो आता त्या फायलीत आहे आणि फोटोत मी आहे, रिकामी आणि खरी. उत्तर अजून आलेले नाही. लहानूने पासष्टी ओलांडली आहे आणि रोज पोस्टमनच्या वेळेला तो दारात खुर्ची टाकून बसतो.

मित्रांनो, माझे तुम्हाला एकच मागणे आहे. जो राबतो, त्याचे राबणे त्याच दिवशी लिहून ठेवा. दुसरा लिहील म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या घरात एखादे म्हातारे माणूस असेल, तर त्याचा हात एकदा हातात घेऊन नीट पाहा आणि हे कशाने झाले, असे विचारा. आणि एखाद्याची जागा रिकामी दिसली, तर बाजारातली चकाकी आणून ती भरू नका. कलावती पुसते तशी ती जागा पुसून ठेवा.

आता ऊन उतरते आहे. पोस्टमन आज आला नाही. लहानू खुर्ची आत घेतो आहे आणि कलावती मला डब्यात ठेवते आहे. डब्याचे झाकण मात्र ती हल्ली पुरते लावत नाही.