कुंडीकडे बघून

लेक परदेशी निघाली तेव्हा तिने खिडकीतलं वीतभर झाड माझ्या पदरात टाकलं. पानांवर पांढऱ्या शिरा, फूल नाही की फळ नाही. एक दिवसाआड कपभरच पाणी घाला, जास्त नको, असं तिने आम्हा नवरा-बायको दोघांनाही बजावलं.

तिला पाठवायचं माझ्या मनात नव्हतं. आमच्या घड्याळजींनी मला न विचारता हो म्हटलं, आणि आमचा अबोला सुरू झाला. जगाच्या घड्याळांना किल्ली देणारा माणूस, पण घरात तोंड बंद. मीही काही कमी नव्हते. अगदीच अडलं तर आम्ही झाडाला मध्ये घालायचो. मी कुंडीकडे बघून म्हणायची, "चहा झालाय म्हणावं." तेही कुंडीलाच सांगायचे, "येतोय म्हणावं."

झाड मात्र पिवळं पडत चाललं. मी पाणी कधी चुकवलं नाही, तरी पानं गळतच होती. हे तर त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत, असं मी लेकीला फोनवर सांगूनही टाकलं.

मग हिवाळ्यात ते गेले. दुकानातच, डोळ्याला भिंग लावलेलं. शेवटचं काय बोलले, असं लोक विचारायचे. काय सांगणार? जे काही बोलले ते कुंडीशी.

लेक आली, रडली, परत गेली. मी एक दिवसाआड कपभर पाणी घालत राहिले. आणि झाडाने जीव धरला. कोवळी पानं एकामागून एक उलगडायला लागली. मला संतापच आला. घरचा माणूस गेला आणि याला पालवी फुटतेय.

त्याच रागात कुंडी सरकवली, तर पडद्यामागे त्यांचा दाढीचा जुना मग. मी कधीच भंगारात काढलेला. तळाशी पाण्याचा पांढरा थर, आणि आत वाळलेलं एक पान.

तेही पाणी घालत होते. एक दिवसाआड, कपभर, मला चोरून. मीच झाडाकडे बघत नाही, असं त्यांना वाटत असणार. दोघांच्या पाण्याने ते बिचारं कुजत होतं आणि एका शब्दाने विचारायला कुणी तयार नव्हतं.

आता झाड खिडकीभर झालंय. मला त्याचं कौतुक वाटत नाही, पण पाणी घालते. घालून झालं की कुंडीकडे बघून सांगते, "झाड बरं आहे म्हणावं."

मग उत्तराची वाट बघत थोडी उभी राहते.