बेकरीवाल्याचे हात

बायको गेली आणि बेकरीवाल्याचे हात बिघडले. निदान त्याची तशी पक्की समजूत झाली होती, आणि एकदा समजूत करून घेतली की ती सोडणाऱ्यांतला हा गडी नव्हे.

पीठ त्याचं ऐकेना. मळून ठेवावं तर भराभर फुगून परातीबाहेर यायला बघायचं, आणि पाव वळायला घ्यावं तर ढिलं पडून बोटांना चिकटायचं. भट्टीतून पाव निघायचे ते बसके नि फिकट, आजारातून उठल्यासारखे. त्यानं आधी पिठाला नावं ठेवली, मग हवेला, मग यीस्ट विकणाऱ्याच्या खानदानाला. गिरणी बदलून पाहिली, गार पाणी वापरून पाहिलं. फरक शून्य. शेवटी स्वतःचे तळहात उलटसुलट करून त्यानं निकाल लावला, की हे आता कामातून गेले.

दिवस तसेही वाईट होते. कारखाना बंद पडल्यापासून निम्मी गल्ली काम शोधत फिरत होती. चौकातल्या नव्या दुकानात मशीनचा पाव स्वस्तात मिळायचा. तरी सकाळी माणसं याच्याच दारात उभी राहायची. पाव घ्यायची, "बरं आहे ना?" म्हणायची आणि जायची. पूर्वी पाव जरासा करपला तरी भांडायला येणाऱ्या मास्तरीणबाईसुद्धा मुकाट्यानं पिशवी पुढं करायच्या. हे त्याला फार लागलं. असला पाव आपण भल्या माणसांच्या गळ्यात मारतोय, या विचारानं त्याला मान वर करवेना.

त्यानं भट्टीसकट सगळं विकायचं ठरवलं. एक हॉटेलवाला दुपारी बघायला येणार होता. बेकरी गेल्यावर उरलेलं आयुष्य त्या रिकाम्या घरात काय करायचं, हा विचार त्याला सोसत नसे. म्हणून तो विचारच करत नव्हता.

आवराआवरीला धाकटी मेहुणी आली. बाई मनानं निर्मळ, पण जिभेला हाड नाही. आल्या आल्या तिनं ट्रेमधला एक पाव मोडून तोंडात टाकला आणि चावता चावता थांबली.

"भाऊजी, मीठ संपलंय का?"

"का?"

"यात मीठ नाही."

"काहीतरी बोलू नकोस."

"मग तुम्हीच खाऊन बघा की."

इथं त्याची पंचाईत झाली. बायको असताना भट्टीतला पहिला पाव दोघं उभ्याउभ्याच अर्धा अर्धा खायची. ती गेल्यापासून त्याला आपला पाव घशाखाली उतरत नसे. शेजारी जे आणून देत त्यावर त्याचं भागत होतं. पण मेहुणी तुकडा पुढं धरून उभी. त्यानं तुकडा घेतला, चावला. पाव ठार अळणी होता.

"मीठ ती घालायची," तो म्हणाला आणि पिठाच्या पोत्यावर बसला.

लग्न झाल्यापासूनची ती रीत होती. यानं पीठ निम्मं मळलं, की ती कुठूनतरी यायची, मूठभर मीठ वरून पसरायची आणि निघून जायची. तेवढ्यात त्याच्या मळक्या बनियनबद्दल काहीतरी बोलूनही घ्यायची. याच्या लेखी ते कामात जमाच नव्हतं. पावात काय घालता असं कुणी विचारलं, तर पीठ, पाणी, यीस्ट आणि हात, असं हा छाती फुगवून सांगायचा. ती गेली, पीठ निम्मं मळून व्हायचं, आणि हा पुढं मळत राहायचा. मीठ पिठाला आवरून धरतं, नाहीतर ते उधळतं, हे याला काय ठाऊक नव्हतं? पण मीठ घातलेलंच असतं, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

म्हणजे हात शाबूत होते. त्याला हसू आलं आणि त्याच दमात रडूही आलं. मेहुणीनं पाठ वळवून उगाच ट्रे पुसायला घेतले.

मग तो तसाच, रोज पाव नेणाऱ्या समोरच्या शिंप्याकडे गेला.

"तुला माहीत होतं?"

शिंप्यानं मशीन थांबवलं. "काय? मिठाचं? अरे, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मास्तरीणबाईंचं ब्लडप्रेशर उतरलंय. त्यांचा डॉक्टर स्वतःची पाठ थोपटत फिरतोय."

"मग बोलला का नाहीस, गाढवा?"

"काय बोलणार?" शिंपी मान खाली घालून म्हणाला. "मीठ वहिनी घालायच्या, ते येता-जाता सगळे बघायचे. मीठ नाही म्हणायला गेलो असतो, तर तू एवढंसं तोंड करून आमच्याकडे बघत राहिला असतास. कुणाला धीर झाला नाही. म्हटलं, खाऊ तसाच."

इतके दिवस बेकरीवाल्याला वाटत होतं, आपलं आता कुणी नाही. आणि इथं अख्खी गल्ली, स्वतःच्या घरात चूल कशी पेटवायची याची भ्रांत असताना, रोज रांग लावून त्याचा अळणी पाव विकत घेत होती. त्यानं शिंप्याच्या खांद्यावर हात ठेवला. शिंप्याच्या शर्टावर पिठाचा पंजा उमटला.

हॉटेलवाला आला तेव्हा भट्टी विकायची नाही एवढंच त्याला कळलं. मेहुणीनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी पीठ निम्मं मळून झाल्यावर बेकरीवाला थांबला. मूठ भरून मीठ घेतलं आणि वरून पसरलं. पीठ मुकाट्यानं हाताशी आलं. पाव कसे निघाले म्हणता, तांबूस नि टुमदार. त्यानं ते ऐटीत विकले.

घटकाभरात मास्तरीणबाई अर्धा खाल्लेला पाव घेऊन परत आल्या. मागून शिंपी, त्याच्यामागं आणखी चारदोन जण.

"हा काय पाव म्हणायचा?" मास्तरीणबाईंनी पाव फळीवर आपटला. "घोट घोट पाणी प्यावं लागतंय. किती मीठ घातलंत?"

"मूठभर. ती घालायची तेवढंच."

"तिची मूठ केवढी होती, आणि तुमचा हा पंजा केवढा!"

मास्तरीणबाईंना आपण काय बोलून गेलो ते उमगलं असावं, कारण त्यांनी घाईनं पदर सावरला. बेकरीवाल्यानं आपल्या रुंद मुठीकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, पण या खेपेला मान खाली गेली नाही.

"एवढीशी होती," तो बोटं आवळून दाखवत म्हणाला. "उद्या तेवढंच घालतो."

"घाला. आणि हा पाव बदलून द्या," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"सगळेच खारट आहेत, बाई."

"मग उद्या दोन घेईन," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्यांनी आपापल्या तक्रारी सुरू केल्या.