बादलीभर समुद्र

मी बादली बोलतेय. लगेच नाक मुरडू नका. न्हाणीघरातल्या वस्तूने तोंड उघडलं की माणसं दार ओढून घेतात, हे मला पाठ आहे. पण माझं तोंड मुळातच मोठं, आणि आज माझ्या पोटात जे आहे ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं प्लास्टिक साच्यात शिरलं, साचा उघडला आणि मी बाहेर पडले, निळी, गुळगुळीत, अंगात अजून ऊब असलेली. मग एका दुकानाबाहेर आम्ही बहिणी एकीत एक बसवलेल्या उभ्या होतो. सगळ्यात वर मी, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड मला दिसायचं.

मला घरी आणलं मास्तरांनी. शाळेचे मास्तर नव्हेत हो, कपडे शिवणारे टेलरमास्तर. गळ्यात टेप होतीच, तिने त्यांनी माझ्या तोंडाचं माप घेतलं. दुकानदार म्हणाला, "बादलीला शर्ट शिवणार की काय?" मास्तर म्हणाले, "पोरीला आत बसायला आवडतं. अडकली तर पंचाईत."

घरात मास्तर, त्यांची बायको आणि लेक. बायको मोटार चालवायला शिकवते, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणते. मीही तेच म्हणते. आवाज असा की रस्त्यावरचा हॉर्न लाजावा. शिकणारा घाबरला की सांगते, "चालवा बिनधास्त! एक ब्रेक माझ्याही पायाखाली आहे." अशी बेधडक बाई डोक्यावरून पाणी घेताना मात्र नाक चिमटीत धरते. हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. लेक उलटी. माझ्यात बसून डोकं बुडवायची आणि वर यायचं नावच घ्यायची नाही. "अगं, नाकातोंडात पाणी जाईल!" बाई ओरडायची. ओरडताना तिचाच श्वास अडकायचा.

लेक मोठी झाली आणि पाण्याच्याच मागे गेली. दूर, जिथला समुद्र बारा महिने कोमट असतो, तिथे ती प्रवाळ पाहायला आलेल्या लोकांना पाण्याखाली फिरवून आणते. घरी येते ती धावती. इकडे न्हाणीघरात शॉवर आला, माझी कडी तुटली आणि माझी रवानगी गॅलरीत झाली, कपड्यांचे चिमटे सांभाळायला. गरज सरो, वैद्य मरो! मधूनमधून फरशी पुसायलाही नेत. त्याबद्दल मी बोलणार नाही.

अशी पडून होते, तर एका दुपारी बाईने जाहीर केलं, "मी डायव्हिंग शिकणार."

मास्तरांची कात्री कापडात थांबली. "केस धुताना घर डोक्यावर घेतेस, आणि समुद्रात जाणार?"

"फोटो पुष्कळ बघितले हो. आपली पोरगी रोज काय बघते, ते मला तिच्या शेजारी राहून बघायचंय."

पोहण्याच्या तलावात शिकवणी सुरू झाली. सगळं जमलं, एक सोडून. पाण्याखाली डोळे-नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये मुद्दाम थोडं पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. पाणी नाकाला लागलं की बाई थेट वर! खोल समुद्रात असं उसळून वर येणं जिवावर बेततं, हे शिकवणाऱ्याने दहादा बजावलं होतं. शेवटी कसंबसं जमलं आणि बाई पास झाली. पण कसंबसं पास झालेला माणूस रस्त्यावर काय करतो, ते मोटार शिकवणाऱ्या बाईला कुणी सांगावं?

त्याच संध्याकाळी चिमटे ओतून मला न्हाणीघरात परत आणलं गेलं. घरात तोंड बुडेल एवढी मीच! बाई गुडघे टेकून बसायची, श्वासाची नळी दातांत धरायची आणि मास्क न लावता तोंड माझ्यात घालायची. एक श्वास, दुसरा श्वास, की फुर्रर्र! बाई वर आणि माझं अर्धं पाणी जमिनीवर. मग मास्तर फडकं घेऊन हजर. मला तिची फार दया यायची.

लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. ती फोनवरून सहलीचा बेत आखत होती. फोन बेसिनवर टेकवलेला, मास्तर दाराशी. नव्या मास्कच्या काचेला आतून टूथपेस्ट चोळा, नाहीतर धुकं धरतं, असं तिने सांगितलं तेव्हा मास्तरांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. मास्तरांनी आपलं डोकं चालवून शेवटच्या सकाळी डुबकी आणि दुपारचं विमान असं ठरवलं होतं.

"बाबा! पाण्यातून निघून लगेच विमानात बसायचं नसतं. मधे एक अख्खा दिवस मोकळा ठेवा."

"म्हणजे जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये, तसं?"

"तसंच समजा."

आणि मग ती म्हणाली, "आई, पहिल्याच दिवशी तुला प्रवाळाच्या बाहेरच्या भिंतीपाशी नेते. खोल आहे, पाण्याला थोडी ओढ असते, पण काय कासवं दिसतात! बोटवाल्याला आजच सांगून टाकते. तुला मास्कबिस्क सगळं नीट जमतं ना?"

"हो हो, जमतं की!" बाई म्हणाली. आवाज मोठाच होता, पण हात माझ्या काठावर घट्ट.

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. "अगं, तिला बादली दाखव."

"तुम्ही गप्प बसा."

"दाखव म्हणतो ना."

बाईने फोन उचलला आणि माझ्याकडे वळवला. ओली फरशी, अर्धी रिकामी मी. "ही बघ. तुझ्या समुद्राची तयारी मी इथे करते. आणि रोज इथेच बुडते." मग तिचा आवाज खाली आला. एवढा खाली मी तो कधी ऐकला नव्हता. "माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, कशाची भीती वाटते ते सांगा. तुला मात्र सांगायला लाज वाटली गं. तू म्हणशील, आई कशाला येतेस मग."

मला वाटलं, झालं, बेत बारगळला.

"आई," लेक म्हणाली, "तू माझ्यासाठी बादलीत तोंड घालून बसतेस?" आणि हसली. हसता हसता नाक ओढलं. "भिंत गेली खड्ड्यात. पहिले दोन दिवस कमरेएवढ्या पाण्यात, पायाखाली वाळू. मग जवळचं प्रवाळ, आपल्या घराच्या उंचीएवढंच खोल. तिथेही रंगीत मासे ढिगाने आहेत. आणि आता तोंड घाल परत. या वेळी गुणगुण. गाणं कुठलंही चालेल, नळीभोवती ओठ मिटून. नाकातून हवा बाहेर जात राहिली की पाणी आत येत नाही."

बाईने तोंड घातलं आणि गुणगुणली. अहाहा! माझ्या साऱ्या अंगात ते घुमलं, तळापर्यंत. सूर बेसूर होता, पण या वेळी सगळं पाणी माझ्यातच राहिलं. फडकं कोरडं बघून मास्तर म्हणाले, "चला, माझी नोकरी गेली."

जाईपर्यंत रोज मैफल. मग दोघं गेली. घर सुनं झालं आणि मी कोरडी.

काल दोघं परत आली. आज सकाळी बाईने मला गोड्या पाण्याने भरलं आणि मास्क, नळी, पायात घालायचे फिन्स माझ्यात सोडले. समुद्राचं मीठ धुवून काढलं नाही तर रबर खराब होतं म्हणे. मास्तर शेजारी स्टुलावर बसले. ते सगळे दिवस काठावर नाहीतर बोटीत बसून होते, पाण्याखालचं त्यांना काय ठाऊक?

"एक गोष्ट तुम्हाला तिथे सांगितली नाही," बाई म्हणाली. "पोरगी शेजारी होती ना. प्रवाळापाशी गेलो, तर तिने खूण करायच्या आधीच मी आपणहून मास्कमध्ये पाणी घेतलं. गुणगुणले, काढलं. समोर बघते तर पाणी तिच्या मास्कमध्ये."

"गळत होता की काय?"

"छे हो. चांगला घट्ट होता. पाणी आतलंच होतं."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मग?"

"मग काय? मीच तिला खूण केली, काढ म्हणून. काढलं तिने."

दोघं कधीच उठून गेली आहेत. मास्क माझ्या तळाशी आहे आणि माझं पाणी हळूहळू खारट होतंय. समुद्र मी कधी पाहिला नाही, पाहणारही नाही, आणि मला त्याचं मुळीच वाईट वाटत नाही. थोड्या वेळाने बाई येईल आणि हे पाणी मोरीत ओतेल. ओतू दे, तिचंच आहे. तुम्ही फक्त तिला एवढं सांगा, घाई नको म्हणावं. आणखी जरा वेळ राहू दे.